पोपटाचा हिरवा

पक्ष्यांची जुनी छापील चित्रं शोधायची, पारखायची आणि वेड्या लोकांना विकायची हा माझा धंदा. वेडे म्हणजे खरंच वेडे. माझं एक गिऱ्हाईक फक्त घुबडं घेतं, आणि भिंतीवर जागा उरली नाही म्हणून त्याने बायकोचं कपाट विकलं. ही चित्रं जुन्या काळी तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या रेषांत छापायचे आणि मग कुणीतरी बसून हाताने एकेका पिसात रंग भरायचं. रंग शाबूत असला तर चित्राला भाव, उडाला तर रद्दी.

उडालेल्या रंगाची डागडुजी माझी मोठी बहीण करते. भावजी गेल्यापासून ताई आणि मी एकत्र राहतो आणि रोज न चुकता भांडतो. पण तिच्या हाताला तोड नाही. नवा रंग भिंगाखाली लगेच उघडा पडतो, म्हणून ती मला कुजकी, फाटकी पानं कवडीमोलाने आणायला लावते. त्यांच्यावरच्या पोपटांचा हिरवा पात्याने खरवडते, त्या भुकटीत डिंकाचं पाणी घालते आणि त्याच काळातला रंग चांगल्या पोपटाला चढवते. दुरुस्ती झाली आहे हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. पण कुठे ते दाखवा म्हटलं तर मलाही सापडत नाही.

काही महिने ताई वाळत चालली होती. पोटात कळा, जेवलेलं टिकायचं नाही, पायांना मुंग्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी पित्त म्हटलं, मग वय म्हटलं. वय म्हटल्यावर ताईने त्यांचं तोंड पाहायचं सोडलं.

अशात एक निवृत्त प्राध्यापक दुकानात आले. रसायनशास्त्राचे. नातवाच्या खोलीत लावायला एखादा छानसा पक्षी हवा होता. मी ताईने नुकताच सजवलेला पोपट पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो निरखला आणि बाजूला सारला.

"हा नको. बदक वगैरे दाखवा. हा जुना हिरवा आहे, यात सोमल असतं."

"सोमल म्हणजे, विष?"

"हो तर. काचेमागे असेपर्यंत काही नाही हो. पण आमचं कार्टं दिसेल ते चाटतं," असं म्हणून ते हसले.

मीही हसले. आणि हसता हसता मला ताईचा ब्रश दिसला. ब्रशला टोक आणायला ती तो ओठांत धरून ओढते. दर फटकाऱ्याला. मी ते इतकी वर्षं समोर बसून बघत आले होते.

प्राध्यापकांना मी काय सांगून बाहेर काढलं ते आठवत नाही. बसची वाट बघवेना, म्हणून चालत सुटले, मग चक्क पळाले. माझ्या वयाची बाई चपला हातात घेऊन पळते म्हटल्यावर लोक वळून बघत होते. बघू देत. वर काय दिसणार ते मला जिन्यातच माहीत होतं.

तेच दिसलं. खिडकीशी टेबल, टेबलावर बशीत हिरवी भुकटी आणि ताईच्या ओठांत ब्रश.

"थुंक!" मी ओरडले.

"अगं, काय झालं? घर पेटलं का?"

"आधी थुंक! तो रंग विष आहे."

ती थुंकली नाही. ब्रश काढून शांतपणे म्हणाली, "विष असतं तर कधीच वर गेले असते. आमच्या गुरुजींनी जन्मभर असंच टोक काढलं."

"गुरुजी गेले कशाने?"

ताईने ब्रश खाली ठेवला.

"पोटाच्या दुखण्याने," ती म्हणाली.

मोठ्या हॉस्पिटलात तिचे केस, नखं, लघवी, सगळं तपासायला घेतलं. निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरून बघायचे. ती जागीच असायची. "आहे अजून," म्हणायची. मी देवाला फारसं मानत नाही, पण भीतीपुढे मानापमान चालत नाही. ओळखीच्या सगळ्या देवांना माझं विनवून झालं.

निकाल सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "सोमल आहे. चांगलं भरपूर आहे. पण जिवावरचं टळलं. औषध सुरू करू. हातापायांचा बधिरपणा किती जाईल, ते आत्ता नाही सांगता येणार."

"हातांचा?" मी ताईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. हातांचं तिने मला कळूच दिलं नव्हतं.

मला रडू फुटलं आणि रडता रडता रागही आला. "एवढी शिकलीसवरलेली बाई, आणि विषाचा ब्रश तोंडात घालते! अक्कल काय गहाण ठेवली होतीस? लहान मूल तरी बरं!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणी हे रंग हाताळतं का?"

"मी. पण मी रंगवत नाही," मी डोळे पुसत म्हणाले. "मी नुसती पारखते."

"पारखता म्हणजे काय करता?"

धंद्याचं कुणी विचारलं की मला राहवत नाही. मी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या टेबलावर कसलंसं रंगीत माहितीपत्रक होतं, ते घेतलं. "यंत्राने छापलेला रंग कागदात मुरलेला असतो. हाताने भरलेला वर बसतो. मग काय करायचं, बोट असं ओलं करायचं," मी बोट जिभेला लावलं, "कोपऱ्यात हलकेच टेकवायचं, आणि बोटाला रंग आला की समजायचं, हाताचा आहे. मग दुसरा रंग बघायला बोट पुन्हा..."

बोट पुन्हा जिभेवर होतं.

मी बोट काढलं आणि कुठे ठेवावं ते मला कळेना.

"किती वर्षं करतेयस हे?" ताईने विचारलं. असा बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"धंद्यात पडल्यापासून."

"दिवसाला किती चित्रं?"

मी माहितीपत्रक टेबलावर परत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी खणातून आणखी एक रिकामी बाटली काढली, चिठ्ठी चिकटवली आणि माझं नाव विचारलं.

ताईने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की हाडं दुखायला लागली. धरलंय की नाही तेच तिच्या बोटांना कळत नव्हतं, म्हणून ती आणखी आवळत होती. मी हात सोडवून घेतला नाही.