काळ्या मार्करखालचं नाव

नगरपालिकेत जिन्याखालच्या खोलीत नकला देणारा जो कारकून बसायचा, त्याला सगळं ऑफिस झेरॉक्सभाऊ म्हणायचं. कुणीही यावं, अर्ज करावा, दप्तरातला कागद मागावा; भाऊ काढून देणार. तक्रारअर्ज असेल तर मात्र तक्रार करणाऱ्याचं नाव झाकायचं. त्याची रीत ठरलेली होती. नक्कल काढायची, नावावर काळा मार्कर फिरवायचा, आणि त्या कागदाची पुन्हा नक्कल काढून ती द्यायची. दुसरी नक्कल कशाला, तर मार्कर कितीही फासला तरी कागद उजेडात धरला की अक्षरं दिसतात. नव्या माणसांना हे भाऊच शिकवायचा, तेही मोठ्या ऐटीत.

आणि माशी शिंकली ती नेमकी त्याच्याच मावशीच्या कागदावर.

आई गेल्यावर भाऊला मावशीनंच वाढवलेलं. तिच्या घराखाली एका वेल्डिंगवाल्यानं दुकान थाटलं. दिवसभर ठणाठण, आणि धूर सरळ हिच्या खिडकीत. खोकून खोकून जीव मेटाकुटीला आला, तरी बाई तक्रार करेना. "त्याला कळलं तर रे? मला इथंच राहायचंय." भाऊनंच गळ घातली, "कुणाच्या बापाला कळणार नाही. मी बसलोय ना तिथं!" शेवटी तिनं अर्ज दिला. हे तिनं बाहेर एकाच माणसाला सांगितलं, समोरच्या दारातल्या नर्सकाकूंना. दोघी नव्या नवऱ्या असल्यापासूनच्या मैत्रिणी.

वेल्डिंगवाला नक्कल मागायला आला, तेव्हा मशीनमध्ये कागद अडकला होता आणि भाऊला जेवायला उशीर होत होता. एक नक्कल कशीबशी निघाली होती. तिच्यावरच त्यानं दोनदा मार्कर फिरवला आणि दिली हातात. जाऊ दे, कोण एवढं बघतंय!

दोनच दिवसांत गडी परत हजर. "साहेब, मार्कर जरा बरा घ्या," म्हणाला आणि कागद खिडकीशी धरला. मावशीचं नाव, आडनाव, घर नंबर, सगळं स्वच्छ.

त्यानंतर मावशीच्या जिन्यात लोखंडाचे तुकडे येऊन पडायला लागले. पण तिला लागलं होतं ते वेगळंच. भाऊ जेवायला गेला तेव्हा ती म्हणाली, "समोरचीनंच सांगितलं त्याला. दुसऱ्या कुणाला माहीत होतं? दारात उभं करून नाही नाही ते बोलले मी तिला. आता विश्वासाचा असा तूच एक उरलास बघ." असं म्हणून तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं. भाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मेल्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत महिना गेला.

मग एका सकाळी नर्सकाकूच त्याच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या, हातात अर्ज घेऊन.

"तक्रार कुणी केली ते बाहेर कसं फुटलं, त्याचा काही कागद मिळेल का रे?"

"कशाला, काकू?"

"तुझ्या मावशीला दाखवायला. मला बघितलं की दार लावून घेते. परवा त्या लोखंडात पाय अडकला तिचा. मी हात दिला, तर झटकला."

'असा कागद उपलब्ध नाही.' वाक्य भाऊच्या जिभेवर तयारच होतं, आणि खोटंही नव्हतं. पण अर्जाखालची ती थरथरती सही बघून त्याला स्वतःचीच शिसारी आली. तो उठला. फाइल काढली, मावशीच्या अर्जाची नक्कल काढली, मार्कर फिरवला आणि कागद खिडकीशी धरला.

"बघा काकू. असा दिला होता मी त्याला. मीच."

काकूंनी ते नाव वाचलं. "म्हणजे महिनाभर तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि ती मला टाकून बोलत होती, ते तू ऐकत होतास."

"चुकलो, काकू. चला, आत्ताच जाऊ तिच्याकडे. हा कागद दाखवतो तिला."

काकूंनी आपला अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. "तू जा. मी इथवर आले तेच चुकलं माझं. इतकी वर्षं मला ओळखते ती, आणि आता तिला कागद बघून पटणार! नको मला ते."

संध्याकाळी लोखंड ओलांडत भाऊ वर गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मावशीनं दोन थोबाडीत द्याव्यात, शिव्यांची लाखोली वाहावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण ती तशीच अनवाणी बाहेर गेली आणि समोरच्या दारावर थाप मारली.

"अगं, मी आहे. उघड ना."

आत दिवा होता. भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मावशीनं पुन्हा थाप मारली, पुन्हा हाक मारली. कडी काही निघाली नाही. तिनं वळून भाऊकडे बघितलं.

"उघडेल ना रे ती?"

नाव कुणाच्या बापाला कळणार नाही म्हणून छातीठोक सांगणारा भाऊ मान खाली घालून उभा राहिला. आतला दिवा मालवला.