तहमीना सिस्टरचा राजीनामा

दौंडच्या दवाखान्यातली नोकरी सोडून तहमीना सिस्टर न्हावऱ्यात भिमाजी आबांच्या घरी आली, ती आपल्या मर्जीनं काम करता येईल म्हणून. महिन्याभरात मर्जी आटोपली, कारण आबा तिच्याशिवाय कुणाच्याच हातून इन्सुलिन घेईनात. दवाखाना तिला परत घ्यायला तयार होता, पण सोमवारपर्यंतच.

"आबा, मी उद्या जाते."

"असं कसं? लेखी राजीनामा द्या. मीटिंगमधी ठिवू."

आबा वीस वर्षं गावच्या डेअरीचे चेअरमन होते, आणि त्यांनी आजवर एकाचाही राजीनामा मंजूर केला नव्हता. तरी तिनं बिचारीनं लिहून दिला. ओसरीवर सभा भरली. सूचक आबा, अनुमोदक त्यांच्या पत्नी सरूबाई. राजीनामा एकमतानं नामंजूर झाला. हात वर करताना मुलगा विश्वजीत तिची नजर चुकवून छताकडं बघत होता.

"अहो, पण मी तुमची सभासदच नाही!"

"व्हय की," आबांना पटलं. त्यांनी लगेच वहीत तिचं नाव घातलं. "आता सभासद म्हणून ठरावावर करा सही. फेरविचार मंगळवारी. सही न्हाई, तर आजचं इंजेक्शन तहकूब."

आबांची साखर तीनशे दहा होती. तहमीनानं सही केली आणि सिरिंज भरायला घेतली.