वाचताना गाळलेली ओळ

"पुढचं वाच की," आई म्हणाली.

युरिदियाचं बोट बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदावर थांबलं होतं. समोर आई, एपिफानिया, भाजीसाठी निवडुंगाच्या फड्यांवरचे काटे सुरीने खरवडत बसली होती. पेपर इंग्रजी होता. घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद वयाच्या सातव्या वर्षापासून युरिदियाच वाचत आली होती आणि आईला स्पॅनिशमध्ये सांगत आली होती. घरमालकाची नोटीस, शाळेचे फॉर्म, वडिलांच्या कर्करोगाचा रिपोर्ट. रिपोर्ट सांगितला तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

"लिहिलंय की मी गणितात पहिली आले," ती म्हणाली. "दोन वर्षांची असताना सीमेपलीकडून आले. इथे राहायचे कागद नाहीत, तरी मास्तरीण व्हायचंय."

"मग?"

"मग कॉलेजबद्दलच आहे. फी वगैरे."

मधली ओळ तिने ओलांडली. 'गुन्हा मी केलेला नाही,' असं युरिदियाच्या तोंडी छापलं होतं, 'तो माझ्या आईने केला. त्याची शिक्षा मला का?'

शब्द तिचेच होते. कॉलेजातल्या बिनकागदाच्या मुलांचा एक गट होता. पत्रकारांशी कसं बोलायचं ते त्या गटात शिकवत. तीन मिनिटांत आपली गोष्ट सांगायची आणि 'मला लहानपणी आणलं, माझा दोष नाही' हे वाक्य सुरुवातीलाच घ्यायचं, लोकांना ते पटतं. पेपरची बाई, ब्रुक, स्वभावाने चांगली होती. येताना युरिदियासाठी कॉफी घेऊन आली होती. "मग दोष कुणाचा?" असं तिने तीनदा विचारलं. दोनदा युरिदियाने विषय बदलला. तिसऱ्यांदा ब्रुकने वही मिटायला घेतली, तेव्हा बातमी हातची जाईल असं वाटून युरिदियाने तिला हवं ते उत्तर दिलं.

"माझ्याबद्दल काहीच नाही?" आईने विचारलं.

"आहे ना. फळांच्या शेडमध्ये पीच निवडतेस, कष्ट करतेस."

"एकोणीस वर्षं झाली, ते लिहिलंय?"

"लिहिलंय."

ते लिहिलेलं नव्हतं.

एपिफानियाने हात पुसले, पेपरची नीट घडी केली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. "उद्या शेडवर चोलेला दाखवते. तुझी मद्रिना आहे ती, इथे आल्यावर बाप्तिस्म्याला तुला हातात धरलं होतं तिने."

"कशाला, अमा? फाटेल तो."

"फाटला तर दुसरा आण."

चोले इथेच जन्मलेली, त्यामुळे इंग्रजी खडाखडा वाचायची. दुसऱ्या दिवशी युरिदिया उठली तेव्हा आई पेपर घेऊन कामावर गेलेली होती. वर्गात तिचं लक्ष लागेना. अखेर तास अर्धवट सोडून ती शेडवर पोहोचली. बायका उलट्या क्रेटांवर बसून डबे आवरत होत्या.

"या मास्तरीणबाई," चोले म्हणाली. "फोटो छापून आला की लोक गाड्या बदलतात म्हणे. तुझी अजून तीच खटारा?"

बायका हसल्या. आई पलीकडे नळावर हात धूत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा हात धुऊ लागली.

युरिदियाने चोलेला बाजूला घेतलं. "वाचून दाखवलंत?"

"आत्ताच. सगळ्यांना."

"सगळं?"

चोलेचं हसू गेलं. "एकही ओळ सोडू नको, असं तिनेच बजावलं होतं. त्या ओळीपाशी मी अडखळले, तर म्हणाली, वाच."

"मग?"

"मग काय. म्हणाली, पोरगी इंग्रजी फार छान बोलते." चोलेने हातमोजे चढवले. "मला फळांच्या पट्ट्यावर जायचंय."

कामाची पाळी संपेपर्यंत युरिदिया गाडीतच बसून राहिली. आई येऊन शेजारी बसली, सीटचा पट्टा लावला.

"अमा, ती बाई पुन्हा पुन्हा विचारत होती. मी तसं..."

"समोर बघ. या वळणावर पोलीस उभे असतात."

घराशी गाडी थांबल्यावरही एपिफानिया उतरली नाही.

"बाबांचा रिपोर्ट वाचलास तेव्हाही गाळलं होतंस काही?"

"नाही, अमा. एक शब्दही नाही."

आईने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, युरिदियाला कळलं नाही. विचारण्याचा धीर तिला झाला नाही.

शनिवारी सकाळी कॉलेजच्या व्यायामशाळेत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांचा वेगळा पदवी समारंभ होता. रिवाज असा की मुलाने घरच्यांना घेऊन मंचावर जायचं, त्यांनी रंगीत पट्ट्यांचं उपरणं त्याच्या खांद्यावर घालायचं आणि मुलाने माइकवर अर्धा मिनिट त्यांचे आभार मानायचे. युरिदियाने माफीची चार वाक्यं पाठ केली होती. सकाळपासून आई तिच्याशी नेहमीसारखंच बोलत होती, केस बांध म्हणाली, बूट पूस म्हणाली. त्याने तिला जास्तच अवघडल्यासारखं झालं होतं.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. ब्रुक पहिल्या रांगेत होती. युरिदियाने माइक हातात घेतला. "माझ्या आईला," ती म्हणाली, आणि पुढे तिला शब्द फुटेना. लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या.

एपिफानियाने तिच्या हातून माइक घेतला.

"हिला मी आणलं," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "दोन वर्षांची होती. पाय दुखतात म्हणायची, मग कडेवर घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवून आणलं. आजही आणीन."

सगळी व्यायामशाळा उभी राहिली. शिट्ट्या झाल्या, मागे कुणाची तरी आजी रडू लागली. ब्रुक शेजारच्या माणसाला बाई काय म्हणाली ते विचारत होती. युरिदिया मान खाली घालून उभी होती. आईने तिच्या खांद्यांवर उपरणं घातलं आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली.

पुढचं कुटुंब वर येत होतं. पायऱ्या उतरताना युरिदियाने आईला हात दिला.

आईने कठडा धरला.