दोन दारांमधली बाई

चित्रपट मंडळातल्या कुठल्याही जुन्या सभासदाला विचारा, आजवर पाहिलेला सगळ्यात चमत्कारिक चित्रपट कुठला, तर तो 'दारवाला' म्हणणार. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. पूर्वार्ध जपानी. कॅमेरा जमिनीलगत ठाण मांडून बसलेला, रिकाम्या खोल्या, उकळणारी किटली, आणि एक बायको, जी शेवटी कुणाला काही न सांगता दार सरकवून निघून जाते. दार लागतं न लागतं तोच पडद्यावर जर्मन. वाकडेतिकडे जिने, भिंतीवर माणसाहून मोठ्या सावल्या, आणि एक नटी, जी हरवलेल्या बाईची भूमिका करता करता आपण कोण तेच विसरलेली. ती थेट प्रेक्षकांकडे वळून विचारते, "तुम्ही तरी मला ओळखता का?"

"ओळख म्हणजे अंगावरचा कपडा," मंडळाचे प्राध्यापक चित्रपट संपल्यावर दर खेपेला उभे राहून सांगत. "दिग्दर्शकाने बाई बदलली, भाषा बदलली, देश बदलला. गोष्ट मोडली आणि मोडलेलीच आपल्या हातात ठेवली. याला म्हणतात उत्तर-आधुनिक शैली." लोक माना डोलवत. प्राध्यापकांनी त्यावर चांगलं जाडजूड पुस्तकसुद्धा लिहिलं.

मागे यंत्राच्या खोलीत मंडळाचे ऑपरेटर मिठाची गुळणी धरून बसलेले असत. कारण खरं काय ते त्यांना एकट्याला ठाऊक होतं. ते दोन वेगळेच चित्रपट होते. एकदा सभागृह खच्चून भरलं आणि जपानी चित्रपटाचा उत्तरार्ध आलाच नाही. कपाटात एका जर्मन चित्रपटाचा उत्तरार्ध बेवारस पडला होता. ऑपरेटरांनी दोन्ही जोडले आणि डोळे मिटून यंत्र सुरू केलं. शिव्या खायची तयारी होती, मिळाल्या टाळ्या. अंगाशी यायचं ते पथ्यावर पडलं, आणि मग तोच जोडचित्रपट वर्षानुवर्षं फिरत राहिला.

ही भानगड बाहेर आली ती मंडळाने आपली कपाटं संग्रहालयाला दिली तेव्हा. जपान्यांना त्यांचा भाग परत हवा होता, जर्मनांना त्यांचा. प्राध्यापक आठवडाभर कुणाचा फोन घेईनात. आणि जोड उसवायचं काम आलं ते ऑपरेटरांच्याच मुलीकडे, कारण संग्रहालयात जुन्या फिल्मची डागडुजी तीच करायची. तिला लहानपणापासून भिंगरी म्हणत. आता केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बाबांच्या तोंडी ती भिंगरीच.

तो डबा टेबलावर आला तेव्हा तिने तो लगेच उघडला नाही. त्याला कारण होतं.

आई गेली तेव्हा भिंगरीचे दुधाचे दात पडत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी 'दारवाला' लागला, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आत्या तिला सभागृहात घेऊन आली. पडद्यावर ती जपानी बाई दाराबाहेर गेली. एकदम आवाज बंद पडला. दुसरंच एक दार उघडलं आणि आत आली ती भिंगरीची आई. त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारातून, ओले हात पुसत. पोरगी "आई" म्हणून ओरडली आणि पडद्याकडे धावत सुटली. ती पोचेपर्यंत आईच्या जागी भलीमोठी परकी बाई होती आणि कळत नसलेल्या भाषेत काहीतरी विचारत होती. भिंगरी अडखळून पडली, कपाळाला खोक पडली, दिवे लागले.

"भास झाला गं तुला," डुलकीतून दचकून उठलेली आत्या तिला कडेवर घेऊन म्हणाली. "गेलेली माणसं सिनेमात येतात होय?"

त्यानंतर भिंगरीने तो चित्रपट लागेल तेव्हा पाहिला. जपानी बाई जायची, जर्मन बाई यायची, मधे कुणीच नाही. पण आई दुसरीकडे दिसायला लागली. शाळेच्या दारात, दवाखान्याच्या दारात, भिंगरीच्या लग्नात मांडवाच्या दारात. ओले हात पुसत उभी. भिंगरी नीट पाहायला जायची तर नाहीशी व्हायची. बाबांजवळ बोलायची सोय नव्हती. आईचा विषय निघाला की ते पाणी प्यायला म्हणून उठून जात. तेव्हा भिंगरीने मनाशी ठरवून टाकलं की आपल्या डोळ्यांत खोट आहे. आणि बाई झाली काय, तर डोळ्यांवर पोट भरणारी. काम करता करता शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारायची, "अहो, इथे दार उघडतं ना? तुम्हालाही दिसतंय ना?" तो हसायचा. त्याला वाटायचं, बाई फार काटेकोर आहेत.

तिने हाताने चाक फिरवलं. भिंगाखाली जपानी बाई दारापर्यंत गेली. दार सरकलं. जोड. त्याच्या पुढच्याच चौकटीत जर्मन जिना.

मधे काही नव्हतं. म्हणजे आपण खरोखरच भ्रमिष्ट, असं तिला वाटलं, आणि इतकी वर्षं कुठेतरी धरून ठेवलेली आशा गळून गेली. तरी हात कामाचे होते, ते थांबले नाहीत. तिने जोड सोडवायला घेतला आणि तिच्या लक्षात आलं की इथे जुन्या गोंदावर नवा गोंद आहे. हा जोड एकदा उघडून पुन्हा लावला होता. जुन्या गोंदात एका तिसऱ्याच फिल्मची कड अडकून राहिली होती, नखाएवढीसुद्धा नाही. तिने मोठं भिंग लावलं.

"अहो," ती म्हणाली, "इकडे या जरा. हे काय दिसतंय?"

सहकारी वाकला. "पडदा दिसतोय. चौकड्यांचा. फडताळाला लावतात तसला."

"तुम्हाला दिसतोय?"

"दिसतोय की, बाई. धडधडीत."

भिंगरी खुर्चीत बसली. तो चौकड्यांचा पडदा आईने स्वतः शिवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांकडे गेली. ते खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. तिने नमनाला घडाभर तेल घातलं नाही. भिंग आणि ती कड त्यांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी पाहिलं, आणि या वेळी ते पाणी प्यायला उठले नाहीत. उठले ते कपाटाशी गेले, आणि कपड्यांच्या मागून एक छोटा डबा काढला.

"मंडळाचा कॅमेरा एकदा घरी आणला होता," ते म्हणाले. "थोडी फिल्म उरली होती. तिची तेवढीच आहे. ती गेल्यावर वाटलं, त्या चित्रपटात एक बाई घराबाहेर पडते ती पडतेच. कुणीतरी घरात यायला हवं. म्हणून मधे जोडली."

"मग काढलीत कशाला?"

"तू घाबरलीस. ओरडलीस, पडलीस, रक्त आलं. त्याच रात्री यंत्राच्या खोलीत परत जाऊन कापून टाकली."

"मी घाबरले नव्हते, बाबा. मी तिच्याकडे धावत होते."

बाबांचा चष्मा हातातच राहिला. मग ते खाली मान घालून म्हणाले की प्रत्येक खेळानंतर, सभागृह रिकामं झालं की, ते तेवढा तुकडा यंत्रावर चढवून एकटे पाहत असत.

"म्हणून तुम्हाला यायला उशीर व्हायचा," भिंगरी म्हणाली. तिला राग आला होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. "तुम्ही आत बसून तिला पाहत होतात. आणि मी जन्मभर दारं पाहत बसले. एकदा तरी मला सांगायचं होतंत, की तुला दिसली ती खरी होती."

"चुकलं," बाबा म्हणाले. "पार चुकलं माझं."

दोन्ही चित्रपट आपापल्या देशी जाण्याआधी भिंगरीने ते शेवटचे एकदा जोडले आणि मधे तो तुकडा लावला. संग्रहालयाच्या छोट्या खोलीत सकाळीच खेळ ठेवला. यंत्रावर सहकारी होता. बाबा आयुष्यात पहिल्यांदाच त्या चित्रपटाला खुर्चीत बसले होते. प्राध्यापक न बोलावता आले आणि मुकाट्याने मागच्या रांगेत बसले.

किटली उकळली. जपानी बाई उठली. दार सरकलं आणि लागलं. आवाज बंद पडला.

चौकड्यांच्या पडद्याशेजारचं दार उघडून आई आत आली. ओले हात पुसत. भिंगरीपेक्षा कितीतरी लहान, पोरसवदा. तिने समोर पाहिलं, पण कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या थोडं बाजूला. कपाळाला आठ्या घातल्या, हसली आणि काहीतरी बोलली.

भिंगरीने बाबांचा हात घट्ट धरला. "दिसतेय ना तुम्हाला?"

"दिसतेय."

"काय म्हणतेय?"

"'बंद करा ती घरघर. पोर उठेल.'"

"मी कुठे होते?"

"माझ्या खांद्यावर," बाबा म्हणाले. "झोपली होतीस. बघ ना, ती तुझ्याकडेच पाहतेय."

भिंगरीने मान वळवेपर्यंत पडद्यावर जिना आला होता. नटी वळली आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

खेळ संपला, दिवे लागले. या खेपेला प्राध्यापक बोलायला उभे राहिले नाहीत. सवयीने भिंगरीने खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, बाहेरचा उजेड आत आला होता आणि तिथे कुणीही उभं नव्हतं. भास गेला, आता बरं वाटायला हवं होतं. पण तिला रडू आवरेना. लहानपणी पडद्यापाशी पडली होती तेव्हा रडायचं राहून गेलं होतं, ते ती बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.