पोचले

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या पोटावर तीनच अक्षरं आहेत, तीही उलटी कोरलेली: ‘पोचले’. उलटी असली तरच कागदावर सुलटी उमटतात. काय करणार मित्रांनो, आमची जातच तशी!

नगरपालिकेतल्या अर्जांच्या खिडकीत कारकूनभाऊंच्या हाताशी माझं आयुष्य गेलं. माणूस भला. मला हळूच शाईत टेकवायचे आणि नेमका कोपऱ्यात उमटवायचे. लोक कौतुकाने म्हणायचे, “झकास उठला शिक्का!” मी फुलून जायचो.

एकदा एक शिवणकाम करणारी ताई अर्ज घेऊन आली. तिच्या गल्लीतल्या नाल्यावरच्या पुलाला कठडा नव्हता आणि तिच्या सासऱ्यांना धड दिसत नव्हतं. मी उमटलो तशी ती हरखली. “चला, पोचलं एकदाचं!” वेडी गं बाई! पोचला होता तो या खिडकीत. तिला वाटलं, कठडा बांधणाऱ्यापर्यंत पोचला.

सहा वर्षांत तिने सहा अर्ज दिले. मधल्या निवडणुकांत मत देऊन आली, की बोटावरची शाई कौतुकाने भाऊंना दाखवायची. सातव्या वर्षी मात्र ती रिकाम्या हाताने आली. सासरे पुलावरून पडले होते, खुबा मोडून अंथरुणाला खिळले होते. भाऊंनी सवयीने मला उचललं.

“राहू द्या, भाऊ. माझा एक तरी कागद कुणी वाचला का, तेवढं सांगा.”

भाऊंचा चेहरा उतरला. “खोटं कशाला बोलू, ताई? मी नुसते वर पाठवतो. वर कोण वाचतं, मलाही कधी कळलं नाही.”

“मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत! आम्ही गल्लीतल्यांनी बांबू तरी बांधले असते. या शिक्क्यावर विसंबून राहिलो हो आम्ही.” ती जायला वळली. “यंदा मतालाही नाही येणार मी. तिथेही शाईच लावून घरी पाठवतात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही पुरतं सांगितलं नव्हतं.

आता माझी कड झिजली आहे, ‘ले’ नीट उठत नाही. भाऊ मला उमटवतात आणि प्रत्येकाला तोंडाने सांगतात, “फक्त या खिडकीत पोचलाय, बरं का. पुढचं विचारायला या.”

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी खिडकीच्या आत बसेल. मला खुशाल उमटवा. पण आधी कागद वाचा. होणार नसेल, तर तसं सांगा. बाहेरच्या माणसाला निदान बांबू तरी बांधता येतील.