न पोचवलेला निरोप

समुद्रकाठच्या केलिबिया गावात वसीलाने शिवलेला झगा कुणाला तोकडा किंवा घळघळीत झाला, असं कधी ऐकिवात नव्हतं. माणूस म्हणूनही ती तशीच, नेटकी. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. म्हणून त्या जुलैत तिच्या हातून जे झालं, ते तिचं तिलाच कितीतरी दिवस खरं वाटेना.

किल्ल्याच्या पायथ्याशी दोन दिवसांचा संगीतमहोत्सव भरायचा होता. दोन्ही दिवशी सुरुवात मुलांच्या वृंदगानाने. त्यात वसीलाची दहा वर्षांची दुर्साफ होती, आणि वरच्या मजल्यावरच्या हयातची गुफ्रानही. एकटीने म्हणायचं मधलं कडवं मात्र गुफ्रानला मिळालं होतं. दुर्साफ त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. वसीलाच्याच मनात ते सलत राहिलं. हयात सार्डिन मासळीच्या कारखान्यात डबे भरायची, नवरा परदेशात. तिची पोर पुढे उभी राहणार आणि आपली तिसऱ्या रांगेत!

महोत्सवाच्या दोन दिवस आधी गाण्याच्या मास्तरांचा, लस्साद यांचा, फोन आला.

"वसीलाबाई, उद्याची शेवटची तालीम पाचला नाही, तीनला. हयातचा फोन म्हणे कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या टबात पडलाय. वर जाऊन तेवढं सांगाल का?"

"सांगते की. त्यात काय!"

ती खरंच सांगायला निघाली. जिना चढून दारापर्यंत गेली. आत गुफ्रान ते कडवं म्हणत होती. वसीलाने दारावर वाजवायला हात उचलला, तो तसाच राहिला. मग ती आली तशी खाली उतरली. सकाळी सांगू, म्हणाली. सकाळी दोरा आणायला बाजारात गेली. पावणेतीनला तिने दुर्साफची वेणी घातली.

"गुफ्रानला हाक मारू?" दुर्साफने विचारलं.

"नको. तिची ती येईल."

तालमीत गुफ्रान नव्हती. मास्तरांनी फोन केला, "निरोप दिला होतात ना?"

"हो," वसीला म्हणाली. "पोरीलाच सांगितलं. हयात कामावर होती." खोटं इतकं सहज निघालं की तिचा आवाजसुद्धा हलला नाही.

मास्तर शिस्तीचे. शेवटच्या तालमीला दांडी म्हणजे कडवं गेलं. ते दुर्साफला मिळालं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज झाल्यावर सगळं गाव किल्ल्याखाली लोटलं. चटया, सतरंज्या, लिंबू सरबताच्या गाड्या, तेलात फुगणारे गोड वडे, सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा सडा. वसीला आणि तिचा नवरा नाजी जागा शोधत होते, तोच हयातने लांबून हात केला.

"अगं, इकडे ये! दुपारपासून जागा धरून बसलेय तुमच्यासाठी. तुझी लेक आज गाणार, आणि तू काय मागे उभी राहणार?"

तिने अगदी पुढे चटई अंथरली होती. अंडी घालून भाजलेल्या ताजीनच्या तुकड्यांचा डबाही उघडून ठेवला होता. नाजी मिटक्या मारत खाऊ लागला. वसीलाचा घास तोंडातच फिरू लागला.

"खा गं, लाजतेस काय?" हयात म्हणाली. "तुझ्या दुर्साफने लाज राखली बघ. आमची महामाया काल बसली असेल समुद्रावर, शिंपले वेचत. तीनला जायचं ते पाचला गेली, मैदानात चिटपाखरू नाही. घरी येऊन वर म्हणते कशी, 'मला कुणी सांगितलंच नाही!' मास्तर म्हणाले, तू सांगून गेलीस, आणि ही तोंडावर खोटं बोलते. एक ठेवून दिली थोबाडीत. आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला मी तिच्यावर."

नाजी म्हणाला, "पोरं ती. चालायचंच."

मुलं मंचावर आली. दुर्साफ पुढे, तिच्यामागे तिसऱ्या रांगेत गुफ्रान. दुर्साफ बरी गायली. आवाज लहान होता, पण सुरात होता. दुसऱ्या ओळीपाशी मात्र ती अडली. ओठ हलले, शब्द आला नाही. वाद्यं तीच जागा पुन्हा घोळवू लागली. तेवढ्यात मागून, अगदी हळू, गुफ्रानने ती ओळ उचलली. दुर्साफला शब्द सापडल्याबरोबर गुफ्रान गप्प झाली. लोकांना वाटलं, बसवलंच तसं आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हयात डोळे पुसत टाळ्या पिटत होती. "बघितलंस? कशी सावरून घेतली! वाईट नाही गं माझी पोर."

"हयात," वसीला म्हणाली, "ती खोटं बोलली नाही."

"काय?"

"मी सांगितलंच नव्हतं तिला. दारापर्यंत आले. ती गात होती. तशीच परत फिरले."

हयातचे हात टाळीतच थांबले.

"विसरलीस?"

विसरले म्हणणं किती सोपं होतं! वसीलाच्या जिभेवर आलंसुद्धा ते. "नाही," ती म्हणाली. "मुद्दाम. माझ्या पोरीला मिळावं म्हणून."

नाजीने हातातला घास डब्यात परत ठेवला. हयातने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि लोकांच्या अंगावरून, चटया तुडवत मंचाच्या पायऱ्यांकडे गेली. मुलं उतरत होती. सगळ्यांच्या देखत ती गुडघ्यांवर बसली आणि गुफ्रानचा गाल दोन्ही हातांत धरून रडू लागली. गुफ्रान बावरली, आईच्या पाठीवर थोपटत इकडेतिकडे बघत राहिली.

नाजी एवढंच म्हणाला, "जा. मास्तरांना सांग."

वसीला गेली. मास्तर मायकच्या वायरी गुंडाळत होते, भोवती चारपाच आया होत्या. तिने सगळ्यांसमोरच सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरला.

"आणि मी त्या लेकराला सगळ्यांपुढे बेजबाबदार म्हणालो," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर." मग हातातली वायर खाली ठेवून, "उद्या गुफ्रान गाईल."

वसीलाने मान खाली घातली, वळली, तर मागे दुर्साफ उभी. हातात सरबताचा पेला, वरच्या ओठावर साखर. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मास्तरांनी मला निवडलं नव्हतंच?" तिने विचारलं.

वसीलाने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. दुर्साफ एक पाऊल मागे सरली. सरबत थोडं सांडलं.

"नाही," वसीला म्हणाली. "मी चोरून आणलं होतं ते तुझ्यासाठी."

"मी मागितलं होतं का?"



दुसऱ्या दिवशी गुफ्रान गायली, आणि असं गायली की सरबतवाल्यानेसुद्धा गिऱ्हाइकं थांबवून ऐकलं. हयात कारखान्यातल्या बायकांत बसली होती. नाजीने 'घरी थांब' म्हटलं होतं, तरी वसीला आली, आणि मागे उभी राहिली. बायका तिच्याकडे बघत, एकमेकींच्या कानाला लागत. ती हलली नाही. तिसऱ्या रांगेत दुर्साफ तोंड भरून गात होती. एकदाही तिने आईला शोधलं नाही. मंचावरून उतरल्यावर मात्र दोघी पोरी हात धरून वड्यांच्या गाडीकडे पळाल्या.

पुढे जिन्यात भेट झाली की हयात सलाम करायची; परक्या माणसाला करतात तेवढाच. वसीला भिंतीला टेकून तिला वाट द्यायची, आणि ती वर जाऊन दार लागेपर्यंत तिथेच थांबायची.