शुरीचा रांजण आणि दोन थोर शेजारी

मी शुरीचा रांजण बोलतोय. पोटाने मोठा, गळ्याने आखूड. आज चीनच्या फूचौ शहरात एका बड्या सरदाराच्या मुदपाकखान्यात उभा आहे, पण माझी माती र्‍युक्यू राज्याची; शुरी तिथली राजधानी. र्‍युक्यू म्हणजे समुद्रात सांडलेली मूठभर बेटं. नकाशावर माशी बसली तर सगळं राज्य झाकून जायचं. देवाने जमीन देताना हात आखडला, शेजारी देताना मात्र सढळ सोडला. एका अंगाला चीन, दुसऱ्या अंगाला जपान!

भट्टीतून निघालो तो उतोच्या सासूकडे आलो. तांदळाची दारू गाळणं हा त्या घरचा धंदा. सासू गेली आणि उतो मालकीण झाली. माझ्यातली जुनी दारू तिने जिवापाड जपली. जेवढी काढायची तेवढी नवी ओतायची, म्हणजे जुनी कधी संपत नाही.

उतोचा दीर यारा राजवाड्यात दुभाष्या होता. आमच्याकडे नवा राजा झाला की चीनचे दूत मुकुट घेऊन येत आणि राजा त्यांच्यापुढे वाकून तो घेई. पण पिढ्यान्‌पिढ्या सात्सुमा या जपानी प्रांताचे सरदारही आमच्या मानेवर बसून कर नेत होते. हे चीनला कळलं तर आमच्यामार्फत चालणारा चिनी व्यापार बुडेल, म्हणून कळता कामा नये, असा त्यांचाच हुकूम. म्हणून चिनी गलबतं दिसली की सात्सुमाचे साहेब जवळच्या खेड्यात दडून बसत. आपल्याच ताबेदाराच्या घरात लपणारे धनी मी तिथेच पाहिले.

असाच एकदा यारा धावत आला. "वहिनी, घरात जपानी काय काय आहे ते आधी लपवा! भांडी, पंखे, वहाणा, सगळं!"

"आणि तुम्ही न्हाताना गुणगुणता ती जपानी गाणी, भावजी? ती कुठल्या फडताळात ठेवू?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला! चिनी साहेबांना कळलं तर?"

"इतकी वर्षं कळलं नाही होय? आंधळे आहेत का ते?"

"आंधळे नाहीत, वहिनी," यारा हळूच म्हणाला, "सभ्य आहेत."

त्या दिवसांत माझी दारू सकाळी चिनी मेजवानीला जाई आणि दुपारी दडलेल्या सात्सुमाकरांना. दोघेही घोट घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "आपल्या बेटांची चवच न्यारी!" 'आपल्या' या शब्दाला किती दात असतात, ते मला तेव्हा कळलं.

दोन्ही डगरींवर पाय ठेवून आमचं राज्य असं तग धरून होतं. लोक हसत, पण राज्य उभं होतं.

मग जपानात नवी राजवट आली. तिला लपाछपीचा कंटाळा. शिपाई आगबोटीतून उतरले, शुरीच्या गडावर चढले आणि राजाला टोकियोला 'राहायला' घेऊन गेले. राज्याचा जिल्हा झाला. ही सुधारणा आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. सुधारणेला बंदुका कशाला, असं ज्यांनी विचारलं त्यांना कोठडीत नीट समजावण्यात आलं.

यारा गुपचूप उतोकडे आला. "मी चीनला जातो, वहिनी. इतक्या राजांना त्यांनी मुकुट दिले, आता गलबतं देतील."

"आणि नाही दिली तर?"

"रित्या हाताने गेलो तर नक्कीच नाही देणार."

उतोने माझ्या गळ्यावरून हात फिरवला. "सासूबाईंची दारू आहे ही. घरच्या लग्नांतसुद्धा घोटभरच वाढायची. न्या, सगळीच न्या."

फूचौच्या सरदाराने माझा आनंदाने स्वीकार केला. याराचं म्हणणं मात्र "सवडीने ऐकू" म्हणाला. यारा रोज फाटकाशी उभा राही. परतीची वाट बंद झाली होती, कारण जपानच्या लेखी आता तो फितूर होता.

एके दिवशी सरदाराकडे जपानी पाहुणे जेवायला आले. मला मानाने दालनात ठेवलं होतं.

"दक्षिणेची टोकाची बेटं तुम्ही घ्या," पाहुणा म्हणाला, "उरलेली आमच्याकडे राहू द्या. मात्र आम्हाला व्यापारात सवलत हवी."

मासा कापणाराही एकदा माशाकडे बघतो. इथे तेवढीही तसदी कुणी घेतली नाही. शेवटी सरदाराने हात वर करून बोलणं थांबवलं. मला वाटलं, आता फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावणार!

"अजून आहे का?" असं म्हणून त्याने पेला पुढे केला.

तळाची दारूही गेली.

तो सौदा पुढे फिसकटला. आमची दया आली म्हणून नव्हे, भाव जमला नाही म्हणून. जपानने सगळंच ठेवून घेतलं. माझ्यात आचाऱ्याने मोहरीचा पाला खारवून दाबला.

काल यारा मला बघायला मुदपाकखान्याच्या दारात आला. पार वाळलाय. आचारी भला माणूस.

"कुठले तुम्ही, बाबा?"

"र्‍युक्यूचा."

"म्हणजे जपानातलेच ना?"

"नाही."

"मग आमच्यातलेच?"

"नाही. र्‍युक्यूचा."

आचाऱ्याने कळवळून भाताचा वाडगा त्याच्या हातात दिला. "जेवून घ्या, बाबा. उपाशी पोटी माणूस काहीही बोलतो."

मी आतून ओरडत होतो की तो खरं बोलतोय. पण माझं तोंड पाल्याने बंद. फटीतून जेवढं बाहेर पडलं, तेवढं तुम्हाला सांगितलं. तुम्ही तरी त्याला पुन्हा विचारा, तू कुठला? आणि तो सांगेल ते एकदा मान्य करा.